खंडेनवमीचा पियानो

मॅडम, तुम्हाला मराठी येत नव्हतं, म्हणून मराठीत लिहितेय. इंग्लिश मला लिहिता येत नाही, आणि आलं असतं तर कोणीतरी वाचलं असतं. माझ्या मुलीनं ईलिंगच्या लायब्ररीतून तुमच्या म्युझिकची सीडी आणली. "आई, बघ, तुझा मॅडम!" इथंच जन्मलेली, तिचं मराठी असंच. आतल्या छोट्या पुस्तकात तुमचा फोटो आहे, कोपरावर भोक पडलेला तोच कार्डिगन. तिनं मला वाचून दाखवलं. अमेरिकेत जन्म, तिकडं त्यांचं म्युझिक कोणी वाजवेना म्हणून लंडनला आल्या, जन्मभर एकट्या. आणि शेवटी लिहिलंय की शेवटचं काम अपुरं राहिलं, कारण बाई हॉस्पिटलमध्ये असताना पियानो ट्यूनरनं आतली सगळी मांडणी काढून टाकली. मी म्हटलं, बंद कर ते पुस्तक. ती म्हणाली, काय झालं? काय झालं ते तिला सांगितलं नाही.

आठवड्यातल्या तीन सकाळी मी हाउन्सलोहून बसनं तुमच्याकडं साफसफाईला यायचे. पहिल्याच दिवशी तुम्ही सांगितलंत, सगळं पूस, पियानोला हात नाही लावायचा. बरं. तुम्ही एक सूर वाजवायचा, थांबायचं, पेन्सिलीनं लिहायचं, खोडायचं, परत तोच सूर. अर्धा-अर्धा तास. मला हातातला हूवर, धूळ ओढायचं मशीन, आपटावासा वाटायचा. एकदा मला चर्चमधल्या तुमच्या कार्यक्रमाला नेलंत. वीसेक माणसं, त्यातली निम्मी बाहेर थंडी म्हणून आत आलेली. परत येताना विचारलंत, कसं वाटलं? मी म्हटलं, "कोणीतरी भांडी घासतंय आणि मधेच रडतंय, असं." तुम्ही फुटपाथवर थांबलात. म्हणालात, "पेपरात लिहिणाऱ्यांपेक्षा तू बरी ऐकतेस." चौथीत शाळा सुटली माझी, मला कोणी हुशार म्हटल्याचं आठवत नाही. त्या दिवसापासून तुम्ही मला किचनमध्ये समोर बसवून चहा पाजायचात आणि मी तुमच्यासाठी जीव टाकायला लागले. तिथंच चुकलं.

आमच्यात दसऱ्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमी असते. ज्याच्यावर पोट चालतं त्या हत्याराची पूजा. माझा बाप शिंपी. त्या दिवशी तो मशीन उघडायचा, आतला कचरा, अडकलेले दोरे, मोडक्या सुया काढायचा, तेल घालायचा, मगच हळदकुंकू. घाण हत्याराची पूजा केली तर वर्षभर हात चालत नाही म्हणायचा. त्या वर्षी खंडेनवमीला तुम्ही तपासण्यांसाठी हॉस्पिटलमध्ये होतात. हात थरथरायला लागले होते तुमचे, कप धरवत नव्हता. मला वाटलं, तुमचं हत्यार म्हणजे हा पियानो, त्याचं कोण करणार? म्हणून झाकण उघडलं. आत बघते तर तारांमध्ये स्क्रू, खिळे, रबराचे तुकडे, चिंध्या. मला लाज वाटली की मी असताना याच्यात एवढा कचरा. दोन तास लागले. एकेक काढला, साबणानं धुतला, जॅमच्या बरणीत भरला. लाकूड खराब होईल म्हणून आत लोखंडावर कुंकू लावलं, झाकण लावलं आणि वर पेट्रोल पंपाच्या दुकानातून आणलेलं एक पिवळं फूल ठेवलं.

तुम्ही आलात, फुलाकडं बघून हसलात. मग बसलात आणि वाजवलंत. साधा पियानो वाजला, शाळेत वाजतो तसा. तुमचा चेहरा अजून दिसतो मला. आठ महिने तुम्ही एकेक स्क्रू खोचून एकेक सुराचा आवाज ठरवला होता, केसाएवढं हललं तरी तो आवाज येत नाही, आणि मापं कागदावर उतरवायची राहिली होती. हे तुम्ही ओरडत सांगत होतात तेव्हा मला कळलं. "कोण आलं होतं इथं?" म्हणालात. आणि मी, बाई, एका क्षणात म्हटलं, "ट्यूनर."

म्हातारा भला माणूस. वर्षातून दोनदा पियानोचे सूर लावायला यायचा, काम झाल्यावर तासभर तुमच्याशी बोलत बसायचा. तुमच्याकडं दुसरं येत होतं कोण? तुम्ही माझ्यासमोर त्याला फोन लावलात. फोनवर हात ठेवून मला म्हणालात, "तो म्हणतो, मी आलोच नाही." मी म्हटलं, "मी दारात होते, मॅडम. मी त्याला आत घेतलं." तुम्ही त्याला जे बोललात ते मी इथं लिहीत नाही. तो परत आला नाही. तुम्ही पुढचे पाच महिने बरणीतले स्क्रू परत बसवत होतात, थरथरत्या हातांनी, निम्मे खाली पडायचे, मी उचलून द्यायचे. जमलं नाही. मग तुम्ही गेलातच.

तुमची बहीण अमेरिकेहून आली. पियानो विकायचा म्हणून तिनं फोनच्या वहीत सापडलेल्या ट्यूनरलाच बोलावलं. तो यायच्या आधी मी झाकण उघडलं. कुंकू तिथंच होतं. टिकलीएवढं, लालभडक. मॅडम, पाच महिने तुम्ही रोज त्याच्यावर वाकत होतात. माझ्या कपाळावरचं तुम्ही आठवड्यातून तीनदा बघत होतात. तुम्हाला कळलं नाही असं मला सांगू नका. कळलं आणि तरी तुम्ही चहा ओतत राहिलात. तुम्ही मला शिव्या घालायच्या होत्या, हाकलायचं होतं, निदान त्या म्हाताऱ्याला एक फोन करायचा होता! माझं तोंड उघडत नव्हतं, तुमचं का नाही उघडलं? याचा राग अजून जात नाही.

बोटाला थुंकी लावून मी ते पुसत होते तेवढ्यात तो मागं येऊन उभा राहिला. कोट हातात, दम लागलेला. आत वाकून बघितलं आणि हळूच विचारलं, "गंज आहे का?"

मी म्हटलं, "हो, गंजच."