अंगाऱ्याचा हात

सिरसाळा, ९ जानेवारी २०२५

ती. स्व. दादास,
शि. सा. न. वि. वि.

मी बीडच्या दवाखान्यातून सुखरूप घरी पोचले. जीव मात्र तुझ्या पायाच्या जखमेत अडकलाय. साखर वाढलेली म्हणून पेढे लपवले, तर तू लहान पोरासारखा रुसलास. धारूरचा पुढारी म्हणे!

नारायणगडाचा अंगारा तुझ्या जखमेला लावला आणि तशीच समोरच्या बायकांच्या वॉर्डात गेले. तिथल्या भिवराबाईला ऊसतोडीत पायावर कोयता लागलाय. तिची पट्टी सोडून तिलाही लावला. नर्स आडवी आली, पण देवाच्या कामात तिचं कुठं ऐकत बसायचं? भिवराबाईला उतार पडला का, कळव. लोभ आहेच, तो वाढता राहो.

तुझी,
वत्सला

बीड, १७ जानेवारी

चि. सौ. वत्सलास अनेक आशीर्वाद.

फोन केला असता, पण तुझ्या घरी तो स्पीकरवर असतो आणि हे चारचौघांत बोलण्यासारखं नाही. माझ्या जखमेतल्या जंतूंना नेहमीची औषधं लागू पडत नाहीत. कणकण आली की मेडिकलमधून कॅप्सूल आणायच्या, बरं वाटलं की अर्ध्यात सोडायच्या, ही माझी खोड. डॉक्टर म्हणाले, त्यानंच जंतू निर्ढावले.

तेच जंतू आता भिवराबाईच्या जखमेत निघालेत. अंगाऱ्याला बोल नाही. तुझा हात माझ्या जखमेवरून तिच्या जखमेवर गेला. मला भारी इंजेक्शनांनी उतार आहे. तिचं हाडापर्यंत गेलंय, पाय काढावा लागणार. आणि ती मला निरोप धाडते, ताईंना आणखी अंगारा आणायला सांगा. गावोगाव भाषणं ठोकणारा मी, पण खरं काय ते तिला कळवलं नाही. जपून राहा.

तुझा दादा,
अर्जुन

सिरसाळा, २२ जानेवारी

ती. स्व. दादास,
शि. सा. न. वि. वि.

काल दवाखान्यात येऊन गेले. तुझ्या खोलीकडे वळले नाही, तोंड दाखवायची लाज वाटली. भिवराबाईचा पाय काढलाय. तिच्या खाटेपाशी उभं राहून सगळं सांगितलं, तुझ्या कॅप्सूलसकट. ती शिव्या देईल असं धरून गेले होते. तिनं शेजारच्या खाटेवरच्या पोरीकडे पाहिलं. मग म्हणाली, "ताई, माझ्यापासून शेजारच्या पोरीला तर लागलं न्हाई ना? रोज तिची वेणी मीच घालते."

दादा, हे आपल्या दोघांपैकी एकालाही सुचलं नव्हतं. निघताना समोरून पाहिलं, तुझ्या खोलीत कार्यकर्ते अजून पाया पडायला येतात, त्याच पायाला हात लावून घरी जातात. दार लावून घे. लोभ असावा, असं लिहायला आज हात धजत नाही.

वत्सला