बाबांची पावलं

१२ मार्च, सकाळ

प्रिय दादा,

नमस्कार. इकडे सगळे बरे आहेत, माझे गुडघे तेवढे कुरकुरतात. बारा वर्षांनी माझं अक्षर बघून कपाळाला आठ्या घालशील. घाल, पण पत्र फाडू नकोस. अरे, इथे चमत्कार झालाय!

बाबांनी चाळीस वर्षं ज्या दफनभूमीत खड्डे खणले, तिच्या मागच्या भिंतीचा जुना चुना गवंड्याने खरवडला. आत छिन्नीच्या खुणा! साठ ठिकाणी, उभ्या रेघांचे झुबके. गवंडी म्हणाला, "बाई, हा तर तुमच्या वडिलांचा हात." ज्यांना थडग्यावर दगड परवडला नाही, त्यांची नोंद ही, असं बाबा त्याला एकदा बोलले होते. जितक्या रेघा, तितकी पावलं भिंतीपासून सरळ आत, आणि तिथे हातभर खोल एक वीट. आठवतं? "गरिबालाही उशी लागते," म्हणायचे.

रस्तावाले भिंतीलगतची ती पट्टी मोकळी समजून सोमवारी खणणार आहेत. मी कंबर कसली, पावलं मोजली, खणलं. काही नाही! मग डोक्यात उजेड पडला. आई मला उंटीण म्हणायची, आणि बाबांची पावलं ही एवढीशी. पायांना दोरी बांधून चालले. दोनदा तोंडावर आपटले, गवंडी हसून बेजार. तिसऱ्यांदा वीट लागली! मी चिखलात नाचले रे, या वयात.

पण एका विटेवर रस्त्याचे साहेब ऐकत नाहीत, आणि दोरीने लांबच्या जागा चुकतात. बाबांची चाल आता फक्त तुझ्याकडे आहे.

आणखी एक. शेवटच्या खुणेत नऊच रेघा आहेत, वर चिमुकलं फूल. बाबांनी दुसरीकडे कुठेच फूल कोरलेलं नाही. दादा, ती तुझ्या लेकीची जागा.

लेक गेल्याचं कळून तू परगावाहून आलास, तेव्हा बाबाही वारले होते आणि तिथे नावाची साधी फळीसुद्धा नव्हती. "नातीला बेवारशासारखं पुरलं," म्हणालास आणि उंबरा सोडलास. फळी होती. गवत काढताना मीच उपटली आणि कुजकी समजून चुलीत घातली. तुझा राग बघून माझी दातखीळ बसली. मेलेल्या बापावर मी आळ येऊ दिला.

हव्या तेवढ्या शिव्या दे, पण सोमवारच्या आत ये. त्या फुलासमोरून मी एकही पाऊल टाकलेलं नाही. ती नऊ पावलं तुझी आहेत.

फाटकात वाट बघणारी,
तुझी अपराधी
उंटीण