झोपेतलं हसू

शुक्रवार, १४ मार्च

प्रिय चिमणे,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. हे पत्र टपालाने न पाठवता दूधगाडीच्या ड्रायव्हरकडे देतेय, म्हणजे वाटेत कोणी उघडणार नाही. त्याला चहा दे, पण फार बोलत बसू नकोस. तुझे भावजी बरे आहेत. घरीच आहेत.

तुमच्याकडे अजून आठवड्याची खोट सुरू झालेली नाही, नशीब तुमचं. इथे दर शनिवारी कचेरीत जाऊन समोरच्या घराची एक खोट सांगावी लागते. 'काही नाही' म्हटलं तर आपणच काहीतरी झाकतोय असं धरतात, आणि एकदा सांगितलेली पुन्हा चालत नाही. समोरच्या काकूंनी आणि मी त्यावर तोडगा काढला होता. आदल्या संध्याकाळी चहाला बसायचं आणि ठरवून टाकायचं. "तुमचा नळ गळतो म्हणते." "मग मी तुमची भाजी खारट म्हणते." काकू म्हणायच्या, एवढे दुर्गुण तर माझ्या सासूलाही सापडले नव्हते.

पण दुर्गुणही संपतात गं. मागच्या आठवड्यात काही सुचेना. तुझ्या भावजींच्या जिभेला हाड नाही, ते तुला ठाऊकच आहे. म्हणाले, "सांगा, मी झोपेत हसतो." खरंच हसतात ते. काकूंनी जाऊन तसं सांगितलं. आम्हाला वाटलं, यात काय वावगं?

दुसऱ्या दिवशी दोघेजण येऊन यांना घेऊन गेले. कशावर हसता, एवढंच विचारायचंय म्हणे. झोपेतलं माणसाला काय आठवणार? हे तेच सांगत राहिले, आणि कचेरीला ते लपवणं वाटलं.

तेव्हापासून काकू दार उघडत नाहीत. त्यांचा काय दोष? पण मला त्यांचा राग येतो, खोटं कशाला बोलू.

काल मला बोलावलं. साहेब तरुण, अगदी अदबीने बोलणारा. म्हणाला, "बाई, काहीतरी कारण असेलच ना. ते सांगा आणि यांना घरी घेऊन जा." शेजारच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. त्यातून हे दिसत होते, भिंतीकडे तोंड करून उभे. पाय सुजून चपलेबाहेर आले होते. बसायला गेले की कोणीतरी आतून ओरडायचं.

चिमणे, मी सांगितलं, माझ्या बहिणीची पत्रं वाचून हसतात. तू काय काय लिहितेस तेही सांगितलं, तुमच्याकडच्या साहेबाची तू लिहिलेली ती नक्कलसुद्धा. मग या तरुण साहेबाने तुझा पत्ता विचारला. तोही दिला.

संध्याकाळी यांना सोडलं. जेवले, झोपले. हसले नाहीत. कशाच्या बदल्यात सुटले ते मी त्यांना सांगितलेलं नाही, आणि सांगायची हिंमतही नाही.

पत्र पोचेल तेव्हा ते लोक तुझ्याकडे आलेले नसतील, तर पोरांना घेऊन तशीच नीघ. कुठे जातेस ते मला कळवू नकोस. पुन्हा विचारलं तर मी सांगेन.

तुझी,
ताई