भीमेवरचा नाउतेस

तीर्थरूप कोंडिबामामांना दौंडवरून महेंद्रचा जय भीम. गुडघा मांडी घालू देतोय का, आन् मामी तुम्हाला औषध देताना स्वतःचं विसरत न्हाईत ना, ते कळवा. मी बरा हाय. म्हंजी जिवंत हाय. बरा का, ते वाचून तुम्हीच ठरवा.

कोरेगावची कंपनी सोडून मी होडी चालवतो, हे तुम्हाला ठाऊक हाय (पटलेलं न्हाई, तेबी ठाऊक हाय). परवा दुपारी चर्चची मंडळी भीमेपल्याडच्या मळ्यात जेवायला निघाली. त्यांचे पाळक साळवेसर माझ्याशेजारी बसले आन् म्हणाले, बायबलच्या मूळ ग्रीकमध्ये खलाशाला 'नाउतेस' म्हणतात, त्यात आपली नाव आहे बघा. मी म्हटलं, माझं नाव महेंद्र. ते म्हणाले, तुमचं नाही, ही नाव. मी म्हटलं, हिचं नाव प्राची (लेकीचंच दिलंय). मग त्यांनी माझा नाद सोडला आन् सगळ्यांना सांगायला लागले. हा शब्द बायबलात मोजक्याच जागी येतो. येशूचा प्रचारक पौल कैदी म्हणून जहाजात होता, वादळ झालं, तवा नाउतेस लोकांनी नांगर टाकायचं निमित्त करून छोटी होडी पाण्यात सोडली आन् पळायला बघितलं. पौलानं ते ओळखलं, शिपायांना म्हणाला, हे जहाजात ऱ्हायले न्हाईत तर तुम्ही वाचत न्हाई, आन् शिपायांनी त्या होडीचे दोर कापले. मला बाजू कुणाची घ्यावी कळंना (पळणारी आपल्याच धंद्यातली).

नेमकं तवाच इंजिन बंद पडलं. होडी बंधाऱ्याकडं वाहायला लागली. मागं दोरीला ट्रकची ट्यूब बांधलेली असते. मी म्हटलं, तिच्यावर बसून काठाला जातो, दुसरी होडी आणतो. एक पाय ट्यूबमध्ये टाकला, तर सगळी होडी माझ्याकडं टक लावून बघायला लागली. अनसाबाई म्हणून त्यांच्यातल्या एक म्हाताऱ्या हायेत. त्यांनी माझा शर्ट धरला आन् हळूच म्हणाल्या, "ह्यो गेला तर आपण वाचत न्हाई." त्यांच्या सुनेनं कांदे चिरायच्या सुरीनं दोर कापला. मी कसाबसा पाय वर घेतला. ट्यूब थोडी पुढं गेली, फुसकन बसली आन् बुडाली. पंक्चर होती.

पुढं होडी जलपर्णीत अशी रुतली की हलंना. काठावरच्या लोकांनी दोर टाकून ओढून घेतलं. उतरताना साळवेसर म्हणाले, "खलाशी नावेत राहिला म्हणून आपण वाचलो." शर्ट तवाबी अनसाबाईंच्या मुठीतच होता. आता रविवारी आभार मानायला साळवेसरांनी मला चर्चमध्ये बोलावलंय. मी वाचवणारा, पळणारा का वाचलेला, काय म्हणून उभा राहू?

तुमचा गोंधळलेला भाचा,
महेंद्र

ता. क. आईला ह्यातलं काही सांगू नका.

आणखी ता. क. तुमच्या कवठ्याच्या विहिरीला पाणी असंल तर पुढच्या आठवड्यात येतो. मला पोहायला शिकवा. (होडी घेतली तवा कुणी विचारलंच न्हाई.)