डावखुऱ्या बेसचा ब्रिज

४ फेब्रुवारी
प्लास्टर निघून महिना झाला. उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट अजून रुसलेलीच. आज तालमीत दुसऱ्याच गाण्याला बेस गिटार खाली ठेवली. मी डावखुरी — तार छेडते डाव्याने, दाबते उजव्याने. आणि जिन्यावरून पडताना कोपर मोडायचं ते नेमकं उजवंच!

तारा फार उंच आहेत. जरा खाली आल्या तर दाबता येतील. तारांची शेपटं ज्या लोखंडी पट्टीत अडकतात तो ब्रिज; त्यावर प्रत्येक तारेखाली एक ठोकळा, स्क्रूने वर-खाली होणारा. कामावरच्या दुकानातून बारीक स्क्रूड्रायव्हर आणला — दिवसभर चष्म्यांच्या काचा बसवते, निदान एवढा तरी फायदा. पण चारही ठोकळे आधीच तळाला टेकलेले.

म्हणजे नवा ब्रिज हवा. बसका.

६ फेब्रुवारी
वाद्यांच्या दुकानदाराला सांगितलं, गिटार डावखुरी आहे.
"मॅडम, ब्रिजला कसला आलाय डावा-उजवा? चार तारा इकडून काय नि तिकडून काय."
पटलं. घेऊन आले.

७ फेब्रुवारी
असतो. डावा-उजवा असतो!

तारा ओवायची भोकं एका बाजूला मोठी, दुसरीकडे बारीक होत गेलेली. माझी सगळ्यात जाड तार नेमकी बारीक भोकापाशी. ठोकळे इकडचे तिकडे करता येतात, भोकं कशी करणार?
नवरा म्हणाला, "कानशीने मोठं कर."
"आणि ब्रिज धरू कशात? या बोटांत? की दातात?"
"मी धरतो ना," तो म्हणाला. मीच नको म्हटलं. का कोण जाणे.

१० फेब्रुवारी
परत केला. दुकानदार म्हणतो, अशी तक्रार करणाऱ्या तुम्हीच पहिल्या. बाकीच्यांनी निमूटपणे घरी नेऊन डोकं आपटलं असेल.

१३ फेब्रुवारी
तालीम. आमचा सगळा घरचाच कारखाना — नवरा गिटारवर, भावजी ड्रमवर, धाकटी जाऊ गाते. एप्रिलच्या कार्यक्रमाचा हॉल ठरलाय. मी निम्मे सूर गाळत वाजवलं.
निघताना जाऊ म्हणाली, "ताई, तोवर बेस कीबोर्डवर घेऊ या का? तुमच्या हाताला आराम."
आराम! किती गोड बोलावं माणसाने.
"ब्रिज आला की झालंच," म्हटलं.

१८ फेब्रुवारी
दुरुस्तीवाल्याकडे गेले. गिटारची मान, म्हणजे तारांखालचा लांब दांडा, सुटी असती तर तिच्याखाली पट्टी घालून भागलं असतं म्हणाला. माझ्या बेसची मान आणि अंग एकाच लाकडातलं. "ब्रिजच बदला. फक्त स्क्रूच्या भोकांमधलं अंतर नीट मोजून मागवा."
मला मोजायला शिकवतो! दोनदा मोजलं. मागवला.

२७ फेब्रुवारी
आला. डावखुरा, बसका, देखणा. भोकं जुळत नाहीत. जाहिरातीत एक माप, डब्यात दुसरं. नवऱ्यावर ओरडले. तो बिचारा भांडी घासत होता.

२ मार्च
बदलून देणार म्हणे. वाट बघतेय. डोकं फिरलंय.

६ मार्च
बसला. सगळे स्क्रू जुन्याच भोकांत. तारा मानेवर जवळजवळ झोपल्यात.

पहिली दोन बोटं लोण्यासारखी चालली. मग करंगळी. नुसतीच फट्. शेजारचं बोट — तेच. पुन्हा स्क्रू फिरवले. वर, खाली, परत वर. नवरा दोनदा चहाला बोलवून गेला. शेवटी हात मांडीवर ठेवून बसून राहिले.

ब्रिजमध्ये काही खोट नाही.

७ मार्च
हाताचे व्यायाम घेणाऱ्या बाई आज म्हणाल्या, "मी मागेच सांगितलं होतं ना, ती नस पूर्ण सुधारेलच असं नाही."
सांगितलं होतं. त्याच आठवड्यात मी ब्रिज शोधायला लागले.

८ मार्च
भावजींना फोन केला. एप्रिलला बेस कीबोर्डवरच घ्या म्हटलं.
"बरं, वहिनी."
एवढंच! अहो, खोटी का होईना, समजूत तरी घालायची.

रडले नाही. कपडे वाळत घातले.

११ मार्च
जाऊ आली. एकटीच, न सांगता. येताच म्हणाली, "बेस काढा."
मी म्हटलं, बेस तर कीबोर्डवर ठरलाय.
"मी नाही ठरवलं. सगळ्या गाण्यांची पट्टी बदललीय. बहुतेक सूर मोकळ्या, न दाबता वाजणाऱ्या तारांवर येतात, उरलेले दोन बोटांत. यांच्याकडून तपासून घेतलंय. म्हणून तर फोनवर गप्प बसले ते. नक्की होईपर्यंत सांगू नका म्हटलं होतं मी."
पट्टी बदलली म्हणजे खाली आणली. तिचा तर सगळा रुबाब वरच्या सुरांवर.
"आणि तुझा गळा?"
"खालचे सूर नीट लागत नाहीत. घासतेय रोज." आवाज बसलेलाच होता.

बेस काढली. तिसऱ्या गाण्याला ती खालच्या सुरावर घसरली, माझीही तार चुकली. दोघींनी पुन्हा पहिल्यापासून घेतलं.