कडेचा फोटो मागितलात का?

अहो पदकवाले,

मी वन्संकडे जातेय, संध्याकाळी येईन. जेवण झाकून ठेवलंय.

लिलावाच्या साइटवरच्या त्या सैनिकाच्या विधवेला आज पैसे पाठवू नका. 'तुमच्यासारखा जाणकार माणूस भेटला, पदक योग्य हाती जाईल' असं तिने लिहिल्यापासून तुम्ही आठ दिवस हवेत आहात आणि इथे माझा नुसता जळफळाट होतोय. म्हणून काल मीच खोट्या नावाने, गिऱ्हाईक बनून तिला लिहिलं. खऱ्या पदकाच्या कडेवर सैनिकाचं नाव आणि नंबर कोरलेला असतो, हे तुम्हीच मला शंभरदा ऐकवलंय. त्या कडेचा फोटो मागितला. तो काही तिने दिला नाही. वर म्हणाली, साइट सोडा, पैसे थेट माझ्या खात्यात भरा. तुम्ही फोटो मागितलाच नसणार. जाणकार ना तुम्ही!

शेवटी तिने मलाही तेच वाक्य लिहिलं, अक्षर न् अक्षर तेच. बाई लबाड आहे हे कळूनही मी ते तीनदा वाचलं. या घरात मला असं शेवटचं कोण आणि कधी बोललं होतं, तेवढं मी येईपर्यंत आठवून ठेवा.