बिनवासाची

प्रिय धाकटे,

तू फोनवर विचारतेस, पोर कशी आहे, आणि मी म्हणते, मजेत. हे उत्तर आता माझ्या तोंडून चौकशीच्या खिडकीवरच्या बाईसारखं आपोआप येतं. म्हणून आज पत्र लिहितेय. पत्राला तुला मध्येच "बरं, ठेवते गं, दमले" म्हणता येणार नाही. दमलेली मीही आहे. दिवसभर औषधांच्या दुकानात उभं राहून लोकांना जेवणाआधी की जेवणानंतर ते सांगायचं आणि घरी यावं, तर मागच्या महिन्यापर्यंत स्वयंपाकघरात अत्तराचा कारखाना.

तुझे केमोचे उपचार सुरू झाले तेव्हा तू तिला माझ्याकडे धाडलंस आणि अट घातलीस, "डोक्यावर परत केस येईपर्यंत पोरीने मला बघायचं नाही." तिला आपण सांगितलं, आईला विश्रांती हवी. सुरुवातीला ती रोज विचारायची, आपण कधी जायचं? मग विचारेनाशी झाली आणि मला वाटलं, रुळली. माझ्या अकलेचं कौतुक तू लहानपणापासून करत आली आहेसच.

कारखाना सुरू झाला तो तिच्या शाळेतल्या दोन मैत्रिणींमुळे. एक अखंड बोलते, दुसरी अखंड खाते. तिघी म्हणाल्या, आम्ही घरी अत्तर बनवणार. मी आधी नाही म्हटलं, मग अटींवर हो म्हटलं, कारण नाही म्हटल्यावर या वयाची मुलं तेच काम न्हाणीघरात कडी लावून करतात. सुगंधी तेलाची बाटली दिसते बोटभर, पण तो अर्क असतो, नुसता अंगाला लावला तर कातडी भाजल्यासारखी लाल होते. म्हणून आधी दोन चमचे बदामाचं तेल आणि त्यात अर्काचे मोजून थेंब. गॅस बंद, खिडकी उघडी, हातात मोजे. केलेलं मिश्रण कोपराच्या आतल्या बाजूला टिकलीएवढं लावायचं आणि एक दिवस थांबायचं. खाज नाही आली तरच पुढे. संत्र्याच्या सालीचं तेल लावून उन्हात जायचं नाही. पुदिन्याचा हात डोळ्याला लागला की काय होतं ते बोलणारीला पहिल्याच रविवारी कळलं आणि ती चक्क पाच मिनिटं गप्प होती. पुढच्या रविवारी तिघी पोहायचे चष्मे लावून आल्या. वरच्या मजल्यावरच्या आजोबांनी विचारलं, घरात काही गळतंय का.

तुझी लेक यात फार चिकट. बाकीच्या दोघींना बाटलीवरच्या चिठ्ठीला रंग कुठला द्यायचा याचीच काळजी. ही थेंब टाकते, कागदाची पट्टी बुडवते, हुंगते, नाक मुरडते, पुन्हा करते. तुझ्यावर गेलीय. मला न सांगता तिने तुला पाठवायच्या कपड्यांच्या पिशवीत संत्र्या-लव्हेंडरच्या अत्तरात भिजवलेला रुमाल सरकवला होता. त्या रुमालाने तुझी काय अवस्था केली ते तुझ्या नवऱ्याने मला नंतर सांगितलं. तिला मात्र त्याने सांगितलं, आईला इतका आवडला की उशाशी ठेवलाय. माणूस चांगला आहे, पण खोटं बोलताना हात आखडता घेत नाही. झालं, बाईसाहेबांनी उत्पादन वाढवलं. आईसाठी मोठी बाटली, आईसाठी जरा कडक.

मागच्या महिन्यात ती बाटली पाठवायच्या बेतात असताना त्याचा फोन आला. माझे हात कणकेचे, म्हणून तिनेच उचलून आवाज मोठा करून ओट्यावर ठेवला. मी काही बोलायच्या आत तो म्हणाला, ताई, तिला थांबवा, हिला कसलाच वास सहन होत नाहीये, मागे त्या रुमालाने तर दिवसभर उलट्या झाल्या. पोर समोर ड्रॉपर धरून उभी. तिने तो धुतला, पुसला, डब्यात ठेवला. मोजेसुद्धा शिकवल्यासारखे उलटे करून काढले. रडली नाही. मैत्रिणींना म्हणाली, कारखाना बंद.

मला वाटलं, दुखावली आहे, निवळेल. मग माझ्या लक्षात यायला लागलं की न्हाणीघरातला साबण कोरडाच राहतोय. डोक्याला तेल लावू देईना. गणवेश मशीनमधून निघाला की पुन्हा बादलीत नुसत्या पाण्यात बुडवायचा, पिळायचा, परत बुडवायचा. कांदा चिरत असले तर ती खोलीचं दार लावून घ्यायची. मी ओरडले. पाण्याचं काय, शाळेची वेळ काय, दुकानात बोलते तसंच सगळं घरी बोलले. ती ऐकून घ्यायची आणि पुन्हा बादलीपाशी.

काल सकाळी वेणी घालताना तिने हात मागे करून मनगट माझ्या नाकाशी धरलं.

"मावशी, खरं सांग. मला वास येतो?"

मी म्हटलं, नाही गं, कसलाच नाही.

"मग आता आईला मी चालेन?"

इतके दिवस तिची अशी समजूत होती, बाई. कपडे तुझ्याकडे गेले, नंतर फोटो, खाऊ, सगळं गेलं, फक्त तिला जाता येत नव्हतं. आणि त्या फोनने तिला त्याचं कारण मिळालं. मी तिला जवळ घेऊन सांगितलं की असं काही नाही. तिने मान हलवली, आपण नळ दुरुस्त करणाऱ्याच्या "उद्या येतो"ला हलवतो तशी. या घरातल्या मोठ्या माणसांवर तिने का म्हणून विश्वास ठेवावा?

तेव्हा हे पत्र परवानगीसाठी नाही. तुझ्या दवाखान्यातल्या सिस्टरशी मी बोलले. पोरीला सर्दीताप नसेल, तोंडाला मास्क असेल, हात धुतलेले असतील तर खुशाल आणा म्हणाल्या. तू बोडकी दिसतेस हे मला माहीत आहे, नवऱ्याने फोटो पाठवलाय, त्याला रागावू नकोस. तिलाही मी प्रवासात सांगेन. आपलं डोकं झाकायचं की उघडं ठेवायचं ते तू ठरव, पण तिच्या वासाचा काही संबंध नव्हता, हे तिला तुझ्याच तोंडून ऐकायचंय. शनिवारी दुपारच्या गाडीने आम्ही पोचतो. दार उघडायला नवऱ्याला पाठवू नकोस.

तुझीच, तुझ्याइतकीच हट्टी,
ताई